सहावा फॉर्म

चूक माझी होती. ती घाईत झाली नव्हती आणि विसरूनही झाली नव्हती. पालघरच्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसबाहेर बदामाचं झाड होतं, त्याखाली सिमेंटचा बाक होता. त्या बाकावर बसून, पेनाचं टोपण दातात धरून, मी ती सावकाश केली. चार दिवसांनी मला एक साधा प्रश्न विचारला गेला आणि मी "नाही" असं उत्तर दिलं. पहिल्या गोष्टीमुळे एक वर्ग सुरू होण्याआधीच बंद पडला आणि शिकवणाऱ्या बाईंना गाव सोडावं लागलं. दुसरीमुळे त्या सगळ्याचा ठपका माझ्या मित्रावर, लक्ष्मणवर बसला, आणि अर्धं आयुष्य मी तो तसाच राहू दिला. या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा हे प्रकरण मी दोनदा गाळलं. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा सगळं वडिलांवर ढकललं. म्हणे त्यांनीच मला नोकरीच्या उपयोगाचा विषय घ्यायला लावला. वडील असं कधी बोलले नव्हते. ते आता नाहीत, त्यामुळे त्यांना विचारायला कोणी जाणार नव्हतं, एवढीच ती सोय होती. ती पानं मी फाडून टाकली. हे चौथं लिखाण.

आमचं घर एडवणला. पुढे नारळी, मागे पानमळा, आणि नारळींच्या पलीकडे सुरूचं बन ओलांडलं की समुद्र. पानमळ्यात शिरलं की भर दुपारीही हिरवा, ओला अंधार असायचा. वडील अंगठ्याला लोखंडी नखी लावून पानं खुडत. त्या खुडण्याचा बारीक टक-टक आवाज इतका एकसारखा चाले की त्यावर माझा डोळा लागे. आई चुलीपाशी तांदळाच्या भाकरी थापायची, तोही आवाज त्यातच मिसळायचा. अंथरुणात पडल्या पडल्या पहाटे जी गाज ऐकू यायची ती समुद्राची की सुरूमधल्या वाऱ्याची, हे मला लहानपणी कधी ओळखता आलं नाही, आणि मोठेपणी ओळखायची इच्छा राहिली नाही. आजही अर्धवट झोपेत मला ती दोन्ही एकच वाटतात. आई मला उठवायची ती चुलीपासूनच: "ऊठ रे, तुजी गाडी काय तुज्यासाठी थांबनार नाय." मग मी एसटीने सफाळ्यावरून पालघरला जायचो. खिडकीशी बसून पुस्तक उघडायचो आणि सफाळ्यापर्यंत त्याच पानावर असायचो.

लोपीस बाई आमच्या आयुष्यात आल्या त्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला. कॉलेजात बाकी सगळ्या मॅडम होत्या, या एकट्याच बाई, कारण पहिल्या तासाला आमच्या वर्गातली प्रभा उभी राहून "बाई, फॅन लावू का?" म्हणाली आणि त्यांनी वर न बघता "लाव बाई" म्हटलं. तेव्हापासून ते नाव चिकटलं. त्या वसईकडच्या. त्यांचे काका फादर होते, आणि त्यांनी लहानपणी सुट्टीत या पुतणीला चर्चमागच्या व्हरांड्यात लॅटिन शिकवलं होतं. का शिकवलं, ते बाईंनाही सांगता येत नसे. "सुट्टी लांब होती आणि काकांना गप्प बसवत नव्हतं," एवढंच म्हणत. कॉलेजने त्यांना तासिका तत्त्वावर घेतलं होतं. म्हणजे जेवढे तास, तेवढंच त्यांचं कॉलेजशी नातं. पहिल्या सत्रात त्या आम्हाला प्राचीन जगाचा इतिहास शिकवायच्या. मराठीत पुस्तकं नव्हती, म्हणून रोमच्या लोकांनी लिहिलेलं जे त्यांना आवडे ते त्या स्वतः मराठीत उतरवत. लांब बांधणीच्या वह्या होत्या, त्यांत जांभळ्या शाईचं बारीक अक्षर. कुठलाही उतारा वाचून झाला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. कोणी लिहिलं, कधी लिहिलं हे नंतर. "लिहिणारा कुठे उभा होता?" असं त्या विचारत. जे सांगतोय ते त्याने पाहिलं, की ऐकलं, की त्याला तसं घडायला हवं होतं? आम्ही मुलं उत्तर शोधत असताना त्या खिडकीबाहेर बघत राहायच्या, जणू तो लिहिणारा माणूस मैदानात कुठेतरी उभा असेल.

बाई राहायच्या बोईसरजवळ सालवडला, कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या एका चाळीत, आणि शेजारच्याच खोलीत आमच्या वर्गातला दिनेश राहायचा. दिनेशचे वडील उत्तरेकडून येऊन इथल्या रंगाच्या कारखान्यात लागलेले. हळूहळू असं झालं की रविवारी आम्ही बाईंच्या खोलीवर जमू लागलो: दिनेश, तारापूरकडच्या कोळीवाड्यातली प्रभा, वाणगावच्या पुढे डोंगराकडच्या पाड्यावरचा लक्ष्मण, मी, आणि पालघरच्या दोघी जुळ्या बहिणी, ज्या फक्त एकमेकींशी बोलत. प्रत्येक जण काहीतरी आणायचा. प्रभा सुके बोंबील भाजून आणी, लक्ष्मणच्या फडक्यात नागलीची भाकर आणि मिरचीचा ठेचा असे, दिनेशची आई गरम लिट्टी पाठवी, आणि थंडी पडली की मी आईने केलेली उकडहंडी आणायचो. कोनफळ, रताळी आणि वालाच्या शेंगा मडक्यात दाबून भरलेल्या, ओव्याच्या वासाने खोली भरून जाई. खिडकीतून कारखान्यांकडचा आंबूस वास यायचा, पाळी बदलण्याचा भोंगा व्हायचा, बाहेर कोणीतरी हिंदीत नळावर भांडत असे, आणि आत आम्ही दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांची पत्रं वाचत बसलेलो. इतकं सुख मला पुढे कुठल्याही खोलीत झालं नाही. तेव्हा ते सुख आहे हे ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, शिकणं म्हणजे असंच असतं.

एका रविवारी उलटं झालं. सगळे आमच्याकडे एडवणला आले. बाईंनी त्या दिवशी एका खलाशाची वही आणली होती. रोमच्या बाजारांसाठी माल नेणारा कोणी एक, त्याने नाव लिहून ठेवलेलं नाही. कुठल्या बंदरात काय मिळतं, कुठे खडक आहेत, कुठे पाणी कसं फसवतं, एवढंच त्याने लिहिलेलं. आम्ही सुरूच्या सावलीत वाळूवर बसलो होतो. वर गुजरातकडच्या खाडीत भरती कशी एकदम चालून येते, ओहोटीत बोट चिखलात कशी कलते, ते बाईंनी वाचलं आणि विचारलं, "कुठे उभा होता हा?"

प्रभा पायाने वाळू उकरत होती. ती म्हणाली, "उभा कशाला ऱ्हाईल? बोटीत हुता. किनाऱ्यावरचा मानूस पाण्याबद्दल लिवील, चिखलाबद्दल नाय लिवनार. चिखल ज्याची बोट रुतली त्यालाच ठाव."

"म्हणजे साक्षीदार खरा?" बाई म्हणाल्या.

"तांडेल हाय तो, बाई. माज्या बापासारखाच बोलतो. चांगला काय सांगतच नाय."

त्या दिवसापासून तो खलाशी आमच्यात तांडेल झाला. दुपार उतरली, ओहोटी लागली, ओली वाळू चकाकत दूरवर पसरली. तांडेलाची बोट इथूनच गेली असणार, याच रेषेवरून, आणि त्याने डावीकडे बघितलं असेल तर त्याला हाच किनारा दिसला असेल, नारळींशिवायचा, किंवा नारळींसकट. मला खरोखर एक शीड दिसलं. आज विचाराल तर ते सातपाटीकडचं एखादं मासेमारीचं गलबत असेल. पण मी ज्या जागी बसलो होतो तिथून ते शीड रोमकडे जाणारं होतं, आणि तसंच ते लिहून ठेवतो.

दिवाळी झाली आणि कॉलेजच्या बोर्डावर दुसऱ्या सत्राच्या ऐच्छिक पेपरांची यादी लागली. ग्रामीण विकास, पर्यटन, आणि तिसरा नवा: प्राचीन रोम, साधने आणि वाचन. हा तिसरा पेपर बाईंनी प्राचार्यांच्या मागे लागून मंजूर करून घेतला होता. अट एकच होती. सहा विद्यार्थी हवेत. पाच असले तर पेपर नाही, आणि पेपर नाही म्हणजे बाईंचे तास नाहीत. हे बाईंनी आम्हाला लपवून ठेवलं नव्हतं. चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या होत्या, "तुम्हाला हवा तोच पेपर घ्या. माझ्यासाठी घेऊ नका. पण एक सांगते, सहाव्याला फार महत्त्व आहे." दिनेश हसून म्हणाला, "बाई, छे तो हम बैठे ही हैं।" आणि आम्ही सहा जणांनी एकमेकांकडे बघितलं. एवढं साधं होतं ते.

मग तो रविवार आला ज्याच्याबद्दल मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही, कारण त्यात काही घडलंच नव्हतं. बाईंनी एक पत्र वाचलं. एका रोमन माणसाने मोठेपणी लिहिलेलं, त्याच्या सतराव्या वर्षाबद्दल. खाडीपलीकडचा डोंगर फुटतो, वर धुराचा ढग चढतो. मूळ पत्रात त्या ढगाला ज्या झाडाची उपमा होती ते वेगळं होतं, पण बाईंनी आमच्यासाठी लिहिलं होतं, ताडासारखा, खाली उंच खोड आणि वर पसारा. या मुलाचा मामा आरमाराचा अधिकारी. तो जवळून बघायला आणि लोकांना सोडवायला बोटी काढतो, भाच्याला विचारतो, येतोस का. भाचा म्हणतो, मला अभ्यास आहे. मामा जातो आणि परत येत नाही.

"यार, मामा मर रहा है और ये होमवर्क कर रहा है?" दिनेश म्हणाला, आणि जुळ्या बहिणीसुद्धा हसल्या.

बाईंनी विचारलं, "मामाच्या शौर्याबद्दल लिहायचं होतं. मग मधेच स्वतःच्या अभ्यासाचं का सांगतो हा?"

मी लगेच हात वर केला. मी वर्गाचा प्रतिनिधी होतो, मला सगळ्यांत जास्त मार्क पडत, आणि उत्तर माझंच असायचं अशी माझी समजूत होती. "आपण किती अभ्यासू होतो हे दाखवायला," मी म्हणालो. बाईंनी मान हलवली, हो नाही आणि नाहीही नाही अशी.

लक्ष्मण कोपऱ्यात पत्र्याच्या पेटीवर बसला होता. तो सहसा बोलत नसे. तो म्हणाला, "बाई, त्याला कोनी विचारला नसंल, तू कुठं होतास. म्हनून त्यानं आपनहून सांगला. माजा बा दर साली दिवाळी झाली का भट्टीवर जातो, विटा पाडायला. आय जाते, भाऊ जातो. मी ऱ्हातो, वह्या घेऊन. कोनी भेटला, तर त्यानं विचारायच्या आधी मी पन हाच सांगतो. अभ्यास होता." त्याने पेटीच्या पत्र्यावर नख ओढलं. "जो गेला त्याला काय सांगायला लागत नाय. ऱ्हायला तोच सांगत बसतो."

मग बाई म्हणाल्या, "हे पत्र मी कितीदा वाचलं असेल. हे मला सुचलं नव्हतं." त्यांनी ती जांभळ्या शाईची वही मिटली आणि लक्ष्मणच्या हातात दिली. "तुझ्याकडे ठेव. पेपर सुरू झाला की यावर तूच पहिला बोल."

ती वही मला हवी होती. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. उकडहंडीचं मडकं मांडीवर धरून मी परत निघालो आणि बोईसरपासून घरापर्यंत एकच गोष्ट चघळत होतो, की त्याला व्याकरण येत नाही, त्याला संदर्भ द्यायला येत नाही, आणि बाईंनी वही त्याला दिली. घरी आल्यावर आईने विचारलं, "खाल्ली का रे हंडी त्यांनी?" मी म्हणालो, "उरली नाही." ती खूश झाली. मला त्या खुशीचासुद्धा राग आला.

त्याच आठवड्यात लक्ष्मणचे वडील भट्टीवर आजारी पडले. लक्ष्मण गुरुवारी वर्गाच्या दारात मला भेटला. खांद्याला पिशवी होती. त्याने भरलेला फॉर्म माझ्या हातात दिला. "बाच्या जागेवर जातोय. कदी येईन सांगता येत नाय. शनिवार शेवटचा हाय ना? तेवडा देशील ऑफिसात." मी म्हणालो, "काळजी करू नको." त्याने पिशवीवर थोपटून दाखवलं. वही आत होती. भट्टीवर वाचणार होता तो.

शनिवारी आम्हा सहा जणांचे फॉर्म माझ्याकडे जमले. मी बदामाखालच्या बाकावर बसलो. पाच फॉर्म भरलेले, पाचांवर रोमसमोर खूण, लक्ष्मणचा सगळ्यांत वर. त्याचं अक्षर शाळकरी पोरासारखं, गोल, दाबून काढलेलं. सहावा माझा, कोरा. मला अट माहीत होती. मला बाईंचं माहीत होतं. "कोणीतरी सातवा असेलच" असा एक विचार मी मनात आणून ठेवला, पण तो मीच आणलेला होता आणि मला ते कळत होतं. लाल झालेलं एक पान फॉर्मांवर पडलं. मी ते उचलून बाजूला ठेवलं आणि पर्यटनासमोर खूण केली. मग सहाही फॉर्म नीट एकाखाली एक लावून खिडकीतून क्लार्कला दिले. त्यांनी न बघता पिन मारली. त्या पिनेचा आवाज मला अजून ऐकू येतो, पानमळ्यातल्या नखीसारखा, टक.

बुधवारी नोटीस लागली. पुरेशा विद्यार्थ्यांअभावी. आम्ही बोर्डासमोर उभे होतो. दिनेशने ऑफिसात जाऊन विचारलं, परत येऊन पाच बोटं दाखवली. "पांच ही आए। लक्ष्मण तो भट्ठी पे गया है, उसी का रह गया होगा।"

प्रभा माझ्याकडे वळली. तिला सवयच होती सरळ विचारायची. "तुज्याकडं दिला हुता का त्यानं फॉर्म?"

"नाही," मी म्हणालो.

पेपर नसल्यामुळे सगळ्यांनाच उरलेल्या दोनपैकी एक घ्यावा लागला, त्यात माझी खूण कोणाला दिसलीच नाही. प्रभाने पर्यटन घेतलं आणि सत्रभर माझ्या शेजारच्या बाकावर बसली. बाईंना आम्ही सांगायला गेलो तेव्हा त्या वह्या पेटीत भरत होत्या. प्रभा लक्ष्मणबद्दल तावातावाने बोलू लागली. बाईंनी तिला थांबवलं. "बाप आजारी असताना फॉर्म आठवत नाही. त्याला कोणी काही बोलायचं नाही. वही त्याच्याकडेच राहू दे." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, काही विचारतील असं वाटलं, आणि त्यांनी मला पेटीची दुसरी कडी धरायला सांगितली. पेटी जड होती. रिक्षापर्यंत आम्ही दोघांनी ती उचलून नेली.

लक्ष्मण होळीच्या आसपास परत आला. उन्हाने काळवंडलेला, हाताच्या कातडीला चिरा पडलेल्या. कॉलेजच्या कँटीनमध्ये प्रभाने त्याला सगळ्यांसमोर गाठलं. "एक कागूद द्यायचा हुता तुला. एक. तुज्यामुळं बाई गेली." लक्ष्मणने आधी तिच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. माझे कान तापले होते. मी समोरच्या वड्याचा तुकडा मोडत होतो. फार वेळ नाही, एखादा श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ तो माझ्याकडे बघत राहिला. मग तिला म्हणाला, "हा. ऱ्हायला माज्याकडनं." प्रभा उठून गेली. ती दोघं त्याआधी एकाच एसटीने बोईसरपर्यंत जात, खिडकीशी बसून भांडत. त्यानंतर ती पुढे बसायची आणि तो मागे.

माझ्या मुलीने गेल्या वर्षी हे सगळं पुन्हा उकरलं, तिला न कळता. हल्ली मुलं पेपर म्हणत नाहीत, मॉड्यूल म्हणतात, आणि ते मोबाइलवर निवडतात. जेवताना एका हाताने घास घेत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ती यादी वर सरकवत होती. "याला चौघंच आहेत बाबा. मी नाव काढलं तर बंदच पडेल." "मग?" मी विचारलं. "मग काय, पडेल," ती म्हणाली. माझा हात ताटातच राहिला. "आवडतं तर घे," मी म्हणालो, आणि माझा आवाज असा काही आला असावा की बायकोने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

त्या आठवड्यात मी बाईंना पत्र लिहिलं. त्या वसईला पुतण्याकडे असतात, हे मला माहीत होतं. अशी माहिती मी नेहमी काढून ठेवत असे, वापरत नसे. चार पानी पत्र होतं. त्याची प्रत आता वाचली तर मला त्यात तो सतरा वर्षांचा रोमन मुलगा दिसतो. किती अभ्यास होता, किती लहान होतो, सगळं आहे. उत्तर आलं ते पोस्टकार्ड. जांभळी शाई, अक्षर थरथरतं. "पत्र मिळालं. मला तेव्हाच थोडी शंका होती. लक्ष्मणला सांगितलंस का?" खाली सही आणि आशीर्वाद.

म्हणून दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी वाणगावला उतरलो आणि रिक्षाने डोंगराच्या पायथ्याशी गेलो. लक्ष्मण तिकडच्या आश्रमशाळेत इतिहास शिकवतो. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या तुकड्यावर असतो. खळ्यावर भाताचे भारे झोडत होता. मला बघून त्याने भारा खाली ठेवला आणि हसला. मिशी पांढरी झाली होती, हसणं तेच. त्याच्या बायकोने कोरा चहा आणि उकडलेल्या वालाच्या शेंगा आणून दिल्या. आम्ही पेंढ्यावर बसलो. मुलांचं झालं, शाळेचं झालं, गुडघ्यांचं झालं. वारा पेंढ्यातून सळसळत होता, आणि मला क्षणभर वाटलं की मागे समुद्र आहे.

"लक्ष्मण, तो फॉर्म," मी म्हणालो.

"हा," तो म्हणाला, जणू कालचीच गोष्ट. "मी वळखला होता तवाच. तुज्याकडनं हरवला. तुजं तोंड असं झालेलं, मी म्हनलो, जाऊ दे, पोरगा लाजंनं मरतोय. कागूद काय, हरवतो." त्याने वालाची शेंग सोलून माझ्यापुढे धरली. "हरवला होता ना?"

इतकी वर्षं तो माझ्यासाठी ही गोष्ट सांभाळून होता, खऱ्या गोष्टीपेक्षा किती तरी बरी. मी नुसतं हो म्हटलं असतं तर आम्ही चहा पिऊन उठलो असतो.

"नाही," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं. कँटीनमध्ये बघितलं होतं तसंच, एका श्वासापुरतं. मग हात पुसून त्याने मोबाइल काढला. "थांब. मला एकट्याला नको सांगू. प्रभाला लावतो."

"ती उचलते तुझा?"

"लगीन-मयताला उचलते. चार वाक्यं बोलते. पाचवं नाय."

खळ्यावर रेंज नव्हती. आम्ही बांधावरून आंब्याच्या झाडापर्यंत चढून गेलो. लक्ष्मणने फोन स्पीकरवर टाकून आमच्या मधे धरला. प्रभाचं बोईसरला सुक्या मासळीचं दुकान आहे. मागे बाजाराचा कल्ला होता, कोणीतरी सुकट कशी दिली विचारत होतं. "कोन मेलं?" प्रभाने विचारलं.

"कोनी नाय. सुहास आलाय."

"कोन सुहास? आपला वर्गप्रतिनिधी? मतं मागायला आलाय का काय? बोला लवकर, गिऱ्हाईक हाय."

लक्ष्मण हळू आवाजात म्हणाला, "बाई विचारायची तसा सांग. कुठं उभा होतास."

"बसलो होतो," मी म्हणालो. "ऑफिसबाहेर, बदामाखाली. माझ्या हातात सहा फॉर्म होते. लक्ष्मणचा त्यात होता, प्रभा, त्याने तो गुरुवारीच मला दिला होता. सगळ्यांत वर होता. पाच जणांचे रोमचे होते, सहावा माझा होता, आणि मी त्यावर पर्यटनाची खूण केली. बाईंनी वही लक्ष्मणला दिली आणि मला दिली नाही, म्हणून. पाचावर पेपर बंद होणार हे मला माहीत होतं. मग तू विचारलंस, त्याने दिला होता का, तेव्हा मी नाही म्हणालो."

पलीकडे सुकट घ्यायला आलेल्या बाईने पुन्हा भाव विचारला. "थांब जरा," प्रभा तिला म्हणाली. लक्ष्मणचा फोन धरलेला हात तसाच मधे होता.

"लक्ष्मणकडून काही राहिलं नव्हतं," मी म्हणालो. "मी केलं, आणि त्याच्यावर जाऊ दिलं. लक्ष्मण, मला माफ कर. प्रभा, तू ऐकते आहेस ना, तूही मला माफ कर."